घाटवाटांना पायऱ्या घालू नका: खानदेशातल्या लादणीच्या वाटांबाबत खुले पत्र

प्रति,
जिल्हा नियोजन समिती, जळगाव, धुळे आणि नंदुरबार;
वनविभाग व सार्वजनिक बांधकाम विभागाचे संबंधित अधिकारी;
सातमाळा आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या ग्रामसभा

स.न.वि.वि.

जुनी घाटवाट विकसित करायची म्हटली की अंदाजपत्रकात चार कामं ठरलेली असतात: सिमेंटच्या पायऱ्या, पेव्हर ब्लॉक, लोखंडी कठडा आणि पायथ्याला कमान. कमानीबद्दल आमचं फारसं म्हणणं नाही, ती वाटेच्या बाहेर असते. उरलेल्या तिन्ही कामांनी मात्र वाट मरते, आणि ती कशी मरते हे मोजून दाखवता येतं.

आम्ही सह्या करणारे लोक घाटवाटांची मोजणी, दगडाचं सुकं बांधकाम आणि ओझ्याची जनावरं या कामांतले आहोत. मागणी एवढीच आहे, की सातमाळा, सातपुडा आणि सेलबारीच्या रांगेतल्या लादणीच्या वाटांवर, म्हणजे पाठीवर ओझं लादलेली जनावरं चालतात त्या वाटांवर, एक रुपयाही मंजूर करण्याआधी त्या वाटेची रीतसर मोजणी व्हावी, आणि दुरुस्ती लादलेल्या जनावराच्या मापाने व्हावी. ते माप काय, ते पुढे सविस्तर लिहिलं आहे.

आधी वाटा कोणत्या ते थोडक्यात. तापीचं खोरं उत्तरेला सातपुड्याने आणि दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याच्या रांगेने बांधलेलं आहे. सुरत बंदराचा माल नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा असा तापीच्या अंगाने बऱ्हाणपूरला जाई. टॅव्हर्निए या फ्रेंच जवाहिऱ्याने सतराव्या शतकात सुरत ते बऱ्हाणपूर हे अंतर १३२ कोस लिहून ठेवलं आहे. शिजताना कस्तुरीसारखा वास येणाऱ्या नवापूरच्या बारीक तांदळाचीही त्याने नोंद घेतली. ही वाट बरीचशी सपाटीची. खरी कसोटी खोऱ्याबाहेर पडताना लागे. दख्खनकडे जायला फर्दापूर-अजिंठ्याचा घाट, कन्नडचा घाट आणि पाटण्यावरच्या वाटा; बागलाणात उतरायला पिंपळनेरहून सेलबारी; नवापूर-धुळे अंगाला कोंडाईबारी; माळव्यात जायला सेंधव्याचा घाट; आणि तोरणमाळ-अक्राणीच्या पठारावर चढणाऱ्या कितीतरी लहान वाटा. मोठ्या घाटांतून आज मोटारी जातात, त्यामुळे तिथे जुन्या वाटेचे तुकडेच उरले आहेत. लहान बाऱ्यांमध्ये, म्हणजे खिंडींमध्ये, मात्र वाट अजून जागेवर आहे. आमची चिंता या लहान बाऱ्यांची आहे, कारण नवे प्रस्ताव त्यांच्याच वाट्याला येतात.

या वाटा किती जुन्या, हे पाटण्याला कळतं. पाटणादेवीच्या वर पितळखोऱ्याची लेणी आहेत. तिथल्या खांबावर पैठणच्या गंधिक कुळातल्या मितदेवाचं दान कोरलेलं आहे. सुगंधी द्रव्यांचा व्यापार करणाऱ्या पैठणच्या घराण्याने दान द्यायला गोदाकाठ सोडून या कड्याची जागा निवडली, याचं कारण घाटाचं तोंड हेच असणार. खाली पाटण्याला शके ११२८ चा शिलालेख आहे, भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, काढलेल्या मठाच्या देणगीचा. त्यातल्या मराठी भागाची सुरुवात 'इयां पाटणीं जें केणें उघटे' अशी आहे. या पाटणात जो माल उघडला जाईल, त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा वाटा मठाला दिला, असा त्याचा आशय. पायथ्याला गोणी उघडायची, कर भरायचा आणि मग पुढे जायचं, ही व्यवस्था त्या काळी कागदावर नव्हे, दगडावर होती.

आता जनावर. लादणीचा मार्ग म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांसमोर हिमालयातली खेचरांची माळ येते. खानदेशात खेचर दुय्यम होतं. इथला व्यापार वाहिला तो लमाणांच्या, म्हणजे बंजाऱ्यांच्या, बैलांनी. सोबत तट्टू आणि गाढवं. तांडा चालता चालता चरतो. बैलाला रतीब लागत नाही, पडीक रानातलं गवत पुरतं, आणि दहा हजार बैलांचा तांडा चारण्यावर रोखीचा खर्च जवळजवळ होत नाही. खेचर कणखर, पण त्याला दाणा लागतो, आणि खेचराला पिल्लू होत नाही, म्हणजे दर जनावर नव्याने विकत घ्यायचं. टॅव्हर्निएने दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिले होते. बैलामागचं ओझं तो ३०० ते ३५० लिव्हर (जुनं फ्रेंच वजन) सांगतो, म्हणजे आजच्या हिशेबात साधारण दीडशे ते एकशे सत्तर किलो. हा सपाटीचा आकडा समजावा. इंग्रजी फौजेने पुढे खेचरासाठी दोन मण, म्हणजे १६० पौंड, हे प्रमाण ठरवलं. ते सुमारे ७२ किलो होतं आणि चढणीला तेच शहाणपणाचं आहे. १८०३ च्या असईच्या मोहिमेत इंग्रज सेनापती वेलस्लीच्या फौजेचं धान्यही बंजाऱ्यांच्या बैलांवरच अवलंबून होतं. खानदेशचा पहिला इंग्रज अधिकारी कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने बंजाऱ्यांवर स्वतंत्र निबंध लिहिला. कारभार चालवायचा तर या लोकांना समजून घ्यावं लागेल, एवढं त्याला कळलं होतं.

माल काय, तर खालून मीठ, मसाला, नारळ, धातूची भांडी. वरून आणि आतून धान्य, कापूस, तीळ, धरणगावचं कापड. सातपुड्यातून मोहाची फुलं, डिंक, लाख, चारोळी आणि रोशा गवताचं तेल. तेलाची गोष्ट वेगळी होती. ते कातडी बुधल्यांतून जाई, आणि बुधला हिंदकळला की ओझ्याचा तोल सतत बदलतो. वाटेचा उतार एकसारखा का हवा, याचं हे एक कारण.

इथून पुढे मापं. अंदाजपत्रक करणाऱ्या अभियंत्यांनी हा भाग सावकाश वाचावा अशी विनंती आहे.

लादलेल्या बैलाच्या दोन्ही अंगांना गोण्या लोंबतात. बैलाचं अंग दोन-सव्वादोन फूट, प्रत्येक गोणीचा फुगवटा साधारण एक फूट. म्हणजे चालतं ओझं चार ते सव्वाचार फूट रुंद, आणि गोणीची तळकड जमिनीपासून दीड-दोन फुटांवर. म्हणून जुन्या वाटेची मोकळी रुंदी सहा फुटांच्या आसपास असते, आणि दरीच्या कडेला उंच कठडा कधीच नसतो. असतो तो एक ओळ किनारदगड, फूटभर उंचीच्या आत, म्हणजे गोणीच्या खालून जाणारा. तिथे तीन फुटी लोखंडी कठडा बसवला की काय होतं? गोणी कठड्याला घासते, जनावर बिचकून आतल्या अंगाला सरकतं, आतली गोणी डोंगराला आपटते, आणि पालाण, म्हणजे पाठीवरचं ओझ्याचं खोगीर, फिरतं. सुरक्षेसाठी लावलेल्या कठड्याने वाट दीड फुटाने अरुंद होते. माणसासाठी कठडा हवाच असेल, तर तो वाटेबाहेर, कड्याच्या अगदी टोकाला, आणि फक्त खरोखर धोक्याच्या तुकड्यात.

उताराचं गणित आणखी सरळ आहे. मोटारीच्या घाटाला साधारण २० ला १ चढ धरतात, म्हणजे वीस फूट पुढे जाताना एक फूट वर. लादलेला बैल किंवा खेचर १० ला १ वर न थांबता चढतं, ८ ला १ वर दम खात चढतं, आणि ६ ला १ फक्त लहान तुकड्यात सोसतं. चाळीसगावची सपाटी आणि कन्नडचं पठार यांच्यात पावणेतीनशे मीटरच्या आसपास फरक आहे. ८ ला १ ने तो तोडायला सव्वादोन किलोमीटर वाट लागते, १० ला १ ने पावणेतीन. म्हणून वाट नागमोडी जाते. हीच चढण सात इंची पायरीने तोडायची तर दीड हजारांहून जास्त पायऱ्या होतात, आणि त्यावर एकही लादलेलं जनावर चढणार नाही.

पायरी जुन्या वाटेतही असते, पण ती वेगळी. तिची उंची चार-पाच इंचांच्या आत आणि लांबी तीन ते चार फूट, तीही पुढे किंचित उतरती. चारही पाय ठेवायला दोन पायऱ्या पुरतात आणि ओझं उसळत नाही. ठेकेदाराच्या पायरीचं पाऊल फूटभराचं असतं. त्यावर बैलाचा पुढचा पाय एका पायरीवर, मागचा तीन पायऱ्या खाली. पाठ तिरकी होते, गोणी मागे ओढते, तंग पोटाला कापतो. चढताना ही गत. उतरताना आणखी वाईट: सगळं ओझं पुढे येऊन वशिंडावर आदळतं. वशिंडामागे एकदा जखम झाली की ते जनावर त्या हंगामापुरतं गेलं. चढण दम काढते, पण जनावर निकामी होतं ते उतारावर. शेपटीखालून जाणारी दुमची याचसाठी असते. ती ओझं मागे धरते, पण उतार एकसारखा असेल तरच. धक्क्याधक्क्याने उतरलं तर दुमचीच शेपटीचं मूळ सोलते.

वळणाचंही तसंच. नागमोडी वाटेच्या प्रत्येक टोकाला दहा-बारा फुटांचा जवळजवळ सपाट ओटा असतो. लोकांना ती विश्रांतीची जागा वाटते, आणि नव्या कामात तिथे हमखास बाक येतो. खरं तर ती लादलेलं जनावर फिरवायची जागा आहे. खेचरं दोन-तीन एकामागे एक बांधून नेतात. ती माळ वळणावर फिरताना मधलं खेचर चढावर आणि पुढचं उतारावर असेल, तर दोर ताणला जाऊन सगळी माळ कोलमडते. वर जाणारा आणि खाली येणारा तांडा एकमेकांना ओलांडतो तोही इथेच. बाक ओट्याच्या बाहेर, झाडाखाली ठेवता येतो.

आता जमीन. आपले डोंगर लाव्ह्याच्या थरांचे. दोन थरांच्या मध्ये ठिकठिकाणी गेरूसारख्या लाल मातीचा पट्टा असतो, कुठे वीतभर तर कुठे पुरुषभर. पाणी वरच्या फुटक्या खडकातून झिरपत या पट्ट्यापर्यंत येतं, खाली जाऊ शकत नाही, आणि आडवं बाहेर पडतं. झरे आणि टाकी याच रेषेवर सापडतात, आणि दरड कोसळते तीही इथेच. जुन्या वाटाड्यांनी ही रेषा ओळखलेली दिसते. वाट लाल पट्टा शक्य तितक्या काटकोनात आणि कमीत कमी लांबीत ओलांडते, आणि त्या तुकड्यात वरून येणाऱ्या पाण्याला निघायला आडवी दगडी मोरी असते. जेसीबीने वाट रुंद करताना आतला डोंगर कापला की हा लाल पट्टा उघडा पडतो. पहिल्या पावसात तो फुगतो, दुसऱ्या पावसात वरच्या खडकासकट खाली येतो. मग संरक्षक भिंतीचं नवं अंदाजपत्रक. हे चक्र मोठ्या घाटांत सगळ्यांनी पाहिलं आहे. सहा फुटी वाटेत ते मुद्दाम आणायची गरज नाही.

फरसबंदी जिथे शिल्लक आहे तिथे ती नीट बघावी. दगड पसरून नव्हे, उभे रोवलेले असतात. लांब बाजू जमिनीत नऊ इंच ते फूटभर, वर दिसतो तो फक्त माथा. सांधे वाटेला आडवे, म्हणजे खुराची कड सांध्यात अडकते आणि पाय घसरत नाही. दर दहा-बारा मीटरवर तिरक्या रेषेत रोवलेल्या दगडांची ओळ असते, वाटेपेक्षा तीन-चार इंच वर. पावसाचं पाणी वाटेवरून धावायला लागण्याआधीच ती ओळ त्याला दरीकडे काढून देते. ही ओळ अडथळा समजून काढली जाते. काढली की दोन पावसाळ्यांत वाटेचा ओढा होतो. पेव्हर ब्लॉक इथे का टिकत नाही, तेही यातच आलं: ब्लॉक वाळूवर बसतो, उतारावर वाळू धुऊन जाते, ब्लॉक डुगडुगतो, आणि गुळगुळीत माथ्यावर ना पत्री मारलेला बैल उभा राहतो ना नाल ठोकलेलं तट्टू.

दरीच्या अंगाची भिंत सुकी असते, चुन्या-सिमेंटाशिवाय. ती गरिबीमुळे तशी बांधली नव्हती. सुक्या भिंतीतून पाणी सुटतं, म्हणून तिच्यामागे दाब साठत नाही. अशा भिंतीच्या दर्शनी सांध्यांत सिमेंट भरलं, म्हणजे 'पॉइंटिंग' केलं, की पाण्याला वाट राहत नाही आणि भिंत पोटात फुगते. फुगलेली भिंत एका रात्रीत जाते. ढासळलेला भाग परत बांधायचा तर पद्धत अशी: पडलेले दगड खालून वर आणून आकाराप्रमाणे वेगळे लावावेत, पाया घट्ट मुरमात किमान फूट-दीड फूट, पायाची रुंदी उंचीच्या निम्म्याहून थोडी जास्त, भिंतीचा कल डोंगराकडे, चार फूट उंचीला एक फूट. दर चौरस मीटरला एक तरी लांब दगड भिंतीच्या आत खोलवर जाणारा हवा. मागची पोकळी मातीने भरू नये, चिपा आणि दगडगोट्यांनी भरावी. दोन दगडांचा सांधा खालच्या सांध्यावर येता कामा नये. ठेकेदाराचे गवंडी यात बहुतेक ठिकाणी चुकतात ते दोन गोष्टींत: सुबक बाजू बाहेर दिसावी म्हणून लांब दगड आडवा लावतात, आणि आतली भर मातीची करतात. गावोगावचे वडार आणि बांधबंदिस्ती जाणणारे शेतकरी हे काम जास्त चांगलं करतात. रोजगार हमीतून हे बसवता येईल. दगड जागेवरच आहे, खर्च बहुतांश मजुरीचा आहे.

काम दिवाळीनंतर सुरू करावं आणि मेच्या मध्यापर्यंत संपवावं. जूनमध्ये अर्धवट उघडी राहिलेली भिंत नसलेल्या भिंतीपेक्षा वाईट. घाणेरीची झुडपं ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, जमीन ओली असताना मुळासकट उपटावीत. कापली तर दुप्पट फुटतात. भिंतीतून उगवलेला वड-पिंपळ मात्र उपटू नये. त्याच्या मुळांनीच भिंत धरलेली असू शकते. फांद्या छाटून भार कमी करावा आणि मग ठरवावं.

मोजणीबद्दल. हे काम महाग नाही, पण घाईचंही नाही. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांपैकी ४६ के, ४६ एल, ४६ ओ आणि ४६ पी या पत्रांत बहुतेक भाग येतो. सोबत भूमी अभिलेखचे गावनकाशे घ्यावेत. गावनकाशावर पाऊलमार्ग एका तुटक रेषेने दाखवतात आणि त्याची रुंदी सव्वाआठ फूट धरतात. गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने. सहा फुटी लादणीची वाट या सव्वाआठ फुटांत आरामात बसते, म्हणजे भूसंपादनाचा प्रश्न बऱ्याच ठिकाणी उद्भवतच नाही. उपग्रहाचं चित्र मार्च-एप्रिलचं घ्यावं, साग आणि अंजन निष्पर्ण असताना.

शोध वरून खाली करावा. कड्याच्या माथ्यावर वाट खिंडीतूनच उतरते, आणि खिंड हलत नाही. पायथ्याला ओढ्याने पात्र बदललेलं असतं, शेतं झालेली असतात, वाटेचा शेवटचा अर्धा किलोमीटर नांगराखाली गेलेला असतो. खालून शोधणारा हमखास गुरांच्या पायवाटेने भरकटतो. वनखात्याची जाळरेषा (वणवा अडवायला मोकळा ठेवलेला पट्टा) सरळ उभ्या चढाने जाते, समतल चर अगदी पाण्याच्या पातळीत जातो. या दोन्हींपैकी काही दिसलं तर ती लादणीची वाट नाही. लादणीची वाट सतत, पण बेताने चढते. दर वीस मीटरला उतार, रुंदी, आतली-बाहेरची भिंत, मोरी आणि झिजलेला खडक एवढ्या पाच नोंदी पुरतात. उतार पाणी भरलेल्या पारदर्शक नळीनेही मोजता येतो. खडकात साडेचार-पाच फुटांच्या अंतरावर दोन समांतर चाकोऱ्या दिसल्या तर तिथे नंतरच्या काळात गाडी चालली आहे. मध्ये एकच घळ आणि त्यात खुरांनी पडलेले खळगे दिसले तर ती लादणीची.

मुक्कामाची जागा पाण्यावरून काढावी. बैलाला दिवसाला पस्तीस-चाळीस लिटर पाणी लागतं. शंभर बैलांना रोज चार हजार लिटर. एवढं पाणी उन्हाळ्यात जिथे मिळत नाही तिथे तांडा उतरत नाही. म्हणून घाटाच्या पायथ्याला आणि माथ्यावर बारव, तळं किंवा कातळातलं टाकं शोधावं. शेजारी मोठं मोकळं मैदान आणि वड-चिंचेची जुनी झाडं असतात. फर्दापूर आणि अजिंठ्याच्या सराया मोगल काळातल्या. लहान बाऱ्यांना एवढा थाट नव्हता, झाड आणि पाणी एवढंच. या जागी खणू नये, आणि कुणाला खणू देऊ नये. गुप्तधनाच्या नादाने बारवा आणि वीरगळ उखडण्याचे प्रकार थांबवायचे असतील तर मोजणीचा अहवाल छापताना नेमक्या जागा उघड करू नयेत.

माणसांना विचारायचं तर आधी तांड्यांत, म्हणजे लमाणांच्या वस्त्यांत, जावं. चाळीसगाव, पाचोरा, जामनेर तालुक्यांतले तांडे आज शेती आणि ऊसतोड करतात. लदेणीचा, म्हणजे बैलांवर माल वाहण्याचा, धंदा रेल्वेने बसला. १८७० मध्ये मुंबई ते अलाहाबाद लोहमार्ग खानदेशातून पूर्ण झाला, आणि १९०० च्या सुमारास तापी खोऱ्याची रेल्वे आल्यावर सुरतेची वाटही संपली. पण पाण्याच्या जागांची नावं अजून ज्येष्ठांच्या तोंडी आहेत. ती लमाणांच्या गोरमाटी बोलीत जशी सांगतील तशी लिहावीत, 'शुद्ध' करू नयेत.

या वाटा निव्वळ इतिहासजमा आहेत, असंही समजू नका. साक्री भागातले ठेलारी आजही मेंढरांसह बिऱ्हाड तट्टवावर लादून फिरतात. अक्राणीच्या पाड्यांवरून आजारी माणसाला बांबूच्या झोळीतून खाली आणावं लागतं. झोळी उचलणाऱ्या चार माणसांना उंच पायऱ्यांपेक्षा १० ला १ चा एकसारखा उतार हजार पटींनी बरा, आणि त्याच वाटेने सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेलं घोडंही जातं. म्हणजे दुरुस्तीचा पैसा पर्यटनाच्या लेखाशीर्षाखालीच टाकायला हवा, असं काही नाही. ज्या पाड्याला बारमाही रस्ता व्हायला वेळ आहे, तिथे वाट दुरुस्त करणं हे आरोग्याचं काम आहे.

कारभाराच्या तीन अडचणी आम्हाला दिसतात. पहिली हद्दीची. सातमाळ्यात वाटेचा पायथा चाळीसगावात आणि माथा कन्नडात, म्हणजे एक वाट दोन जिल्ह्यांत आणि दोन महसूल विभागांत. अर्ध्या वाटेची दुरुस्ती ही दुरुस्ती नसते. वरून येणारं पाणी हद्द पाळत नाही. तेव्हा जळगाव आणि छत्रपती संभाजीनगर यांनी अशा वाटांचं एकच अंदाजपत्रक करावं. दुसरी वनजमिनीची. गौताळा-औट्रमघाट आणि यावल अभयारण्यांत काहीही करायचं तर वनविभागाची परवानगी आलीच. पण आम्ही सुचवतो त्यात झाड तोडायचं नाही, यंत्र न्यायचं नाही, रुंदी वाढवायची नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यात भटक्या आणि पशुपालक समाजांच्या हंगामी वापराचा सामूहिक हक्क मान्य आहे. ग्रामसभांनी दाव्यात वाटेचा नकाशा जोडावा, कारण नुसतं 'चराई' लिहिलं की वाट कागदावरून गळते. तिसरी पायथ्याच्या शेतांची. अडवलेली वहिवाट १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदार मोकळी करून देऊ शकतात, पण अर्ज अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. ही मुदत बहुतेकांना ठाऊक नसते आणि तिथेच प्रकरण संपतं.

सुरुवातीला सगळ्या बाऱ्या घेऊ नका. या हिवाळ्यात प्रत्येक जिल्ह्याने एकेक वाट घ्यावी: जळगावने पाटण्याची, धुळ्याने सेलबारीच्या आसपासची, नंदुरबारने अक्राणीवर चढणारी एखादी वापरातली. मोजणी नोव्हेंबरात, ग्रामसभेपुढे वाचन डिसेंबरात, दगडकाम जानेवारी ते एप्रिल. पावसाळ्यात दोनदा, पहिल्या मोठ्या पावसानंतर आणि पोळ्याच्या सुमारास, चालून बघणी करावी. कुठली मोरी तुंबली, कुठे पाणी वाटेवरून धावलं, ते तेव्हाच दिसतं. त्या बघणीचं टिपण हाती येईपर्यंत पुढच्या वाटेची निविदा काढू नये, आणि पायऱ्या, पेव्हर ब्लॉक व कठड्याची जी अंदाजपत्रकं सध्या टेबलावर आहेत ती तोवर रोखून ठेवावीत.

मोजणीचे कोरे तक्ते आणि सुक्या भिंतीचा छेद दाखवणारं रेखाचित्र आम्ही विनामूल्य देऊ. तालुक्याच्या अभियंत्यांनी, वनरक्षकांनी आणि रोजगारसेवकांनी दोन दिवस जागेवर यायची तयारी दाखवली, तर एक वळण आणि एक मोरी त्यांच्या समोर बांधून दाखवू.

आपले,
खानदेशातल्या घाटवाटांचे मोजणीदार, दगडकामाचे कारागीर आणि ओझ्याची जनावरं बाळगणारे